‘नको’ म्हणणारीं आपलींच माणसें

व्यापार म्हटला कीं नकार आलाच. लक्ष्मी रोडवरील कापडाचा व्यापारी दिवसांतून पन्नास साड्या उलगडून दाखवितो आणि त्यांतल्या चाळीस पुन्हां घडी घालून ठेवितो. पण त्यापायीं त्याची रात्रीची झोंप उडाल्याचें कोणीं ऐकलें नाहीं. गिऱ्हाईक पायरी उतरलें कीं त्याचा नकारहि त्याच्याबरोबर पायरी उतरतो. ‘नेटवर्क मार्केटिंग’ या नांवानें जो व्यवसाय गेल्या पाव शतकांत आपल्या मध्यमवर्गीय घरांतून शिरला आहे, त्याची गोष्ट मात्र निराळी आहे. येथें पहिलें गिऱ्हाईक म्हणजे सख्खी नणंद, दुसरें शेजारच्या काकू, तिसरें यजमानांच्या कचेरींतले जुने स्नेही. हीं माणसें नकार देऊन नाहींशीं होत नाहींत. पुढच्या रविवारीं मुंजीच्या जेवणाला तीं समोरच्याच खुर्चीवर बसलेलीं असतात, आणि एकमेकांकडे पाहावें कीं न पाहावें असें दोघांनाहि होऊन जातें.

या व्यवसायाची निंदा करणें सोपें आहे आणि स्तुति करणें त्याहून सोपें. दोहोंसाठीं वक्ते भरपूर मिळतात. आम्हांला येथें लिहावयाचें आहे तें खांद्याला पिशवी लावून नात्यांतल्या घराची घंटा वाजविणाऱ्या आणि दहा मिनिटांनीं हिरमुसलें होऊन जिना उतरणाऱ्या माणसाविषयीं. मुलें मोठीं झाल्यावर हात मोकळे झालेली गृहिणी, मुदतीपूर्वीं निवृत्ति घेतलेला बँकेंतला कर्मचारी, पदवी मिळून वर्ष झालें तरी नोकरीचा पत्ता नसलेला मुलगा, अशीं हीं माणसें असतात. चार पैसे मिळावेत ही इच्छा त्यांना असतेच. पण आपणहि कांहीं करून दाखवूं, घरांत आपल्या शब्दाला वजन येईल, ही इच्छा बहुधा पैशापेक्षां मोठी असते. म्हणूनच नकाराचा घाव खिशावर न बसतां भलतीकडेच बसतो.

व्यवसायाचें स्वरूप थोडक्यांत सांगावयाचें तर असें. कंपनी दुकानें व जाहिराती यांवर खर्च करण्याऐवजीं वितरक नेमते. वितरकाला स्वतःच्या विक्रीवर नफा मिळतो, आणि त्यानें आणखी वितरक जोडले तर त्यांच्या विक्रीवरहि कांहीं वांटा मिळतो. यांतला पहिला भाग जुनाच आहे. अमेरिकेंत १८८६ सालीं डेव्हिड मॅकॉनेल यांनीं ‘कॅलिफोर्निया परफ्यूम कंपनी’ काढली. तिचीं अत्तरें न्यू हॅम्पशायरमधील मिसेस ऑल्बी या बाई घरोघर विकीत, आणि इतर स्त्रियांना शिकवून तयारहि करीत. हीच कंपनी पुढें ‘एव्हॉन’ या नांवानें प्रसिद्ध झाली. खालच्याच्या विक्रीवर वरच्याला वांटा देण्याची योजना नांवारूपाला आली ती १९४५ नंतर, ‘न्यूट्रिलाइट’ या पोषक गोळ्यांच्या विक्रींत. आणि त्याच गोळ्यांचे दोन वितरक, रिच डिव्हॉस व जे व्हॅन अँडेल यांनीं १९५९ सालीं ‘ॲमवे’ काढली. भारतांत तिचा व्यापार १९९८ सालीं सुरू झाला. आपल्याकडे घरीं येऊन गळ घालणारा मनुष्य त्यापूर्वींहि अपरिचित नव्हता. साताऱ्याची ‘वेस्टर्न इंडिया’ ही विमा कंपनी १९१३ सालची. तेव्हांपासून विम्याचा एजंट दिसतांच मागच्या दारानें पसार होणारे गृहस्थ आपल्या विनोदी वाङ्मयांत वावरत आले आहेत. फरक इतकाच, कीं तो एजंट आपल्याला विमा विकावयास येई. आपल्यालाच एजंट करून सोडण्यासाठीं येत नसे.

आतां नकाराकडे वळूं. आपल्या भाषेंत ‘नाहीं’ हा शब्द लहान मुलांसाठीं आणि भाडेकरूंसाठीं राखून ठेविलेला आहे. बरोबरीच्या माणसाला आपण नकार देतों तो ‘बघूं’ म्हणून. माणूस थोडें जवळचें असेल तर ‘यांना विचारून सांगतें’. आणखी जवळचें असेल तर ‘सध्यां महिनाअखेर आहे गं’. आणि अगदींच तोंड चुकवितां येत नसेल तर ‘तूं म्हणतेस तर एक दे’. हे चारहि नकारच होत. त्यांतला चवथा सर्वांत फसवा, कारण त्याच्याबरोबर पैसेहि हातांत पडतात.

या धंद्यांत नव्यानें पडलेल्या बाईला हे नकार ऐकूं येत नाहींत. निदान ते ऐकूं न येण्याचें शिक्षण तिला दिलेलें असतें. ‘बघूं’ ऐकून ती वहींत त्या नांवापुढें आशेची खूण करते आणि आठ दिवसांनीं पुन्हां जाते. ‘बघूं’ म्हणणारीची आतां पंचाईत होते. तिनें सभ्यपणें नाहीं म्हटलें होतें, तें पोंचलेंच नाहीं. दुसऱ्या खेपेस ती यजमानांवर ढकलते, तिसऱ्या खेपेस फोन वाजूं देते, आणि चवथ्या खेपेस शाळकरी पोर दार किलकिलें करून सांगतें, ‘आई घरीं नाहीं’. आणि नेमकी त्याच क्षणीं आंत कुकरची शिटी होते. हा नकार जिव्हारीं लागतो. त्यानंतर दोन्ही घरांत बोलणें होतें तें एकमेकींविषयीं, एकमेकींशीं नव्हे. परंतु नीट पाहिलें तर पहिला नकार किती मऊ होता! त्याच दिवशीं हंसून ‘बरें, वहिनी, माझ्याकडून हा विषय आतां निघणार नाहीं; कधीं लागलेंच तर तुम्हीच सांगा’ असें म्हटलें असतें, तर वहिनींनीं सुटकेचा श्वास टाकून दुसरा कप चहा केला असता. पहिल्या ‘बघूं’चा अर्थ ‘नाहीं’ असाच घ्यावा. ज्यांना खरोखर पाहावयाचें असतें ते आपण होऊन फोन करतात, आणि असे फोन अगदींच येत नाहींत असें नाहीं.

या व्यवसायाच्या सभांतून नकाराविषयीं दोन वाक्यें हटकून शिकविलीं जातात. नकार तुम्हांला नाहीं, योजनेला आहे, हें एक; आणि प्रत्येक नकार तुम्हांला होकाराच्या एक पाऊल जवळ नेतो, हें दुसरें. दोन्ही वाक्यें धीर देणारीं आहेत आणि फिरत्या विक्रेत्याच्या तोंडीं तीं शोभतातहि. त्याला वीस दारांपैकीं एका दारीं यश येत असेल, तर उरलेलीं एकोणीस दारें हा त्या यशाचा खर्च. आज सांगली, उद्यां मिरज, परवां इचलकरंजी. दारांना तोटा नाहीं. पण साखळीच्या व्यापाराचा आरंभ होतो तो ‘शंभर नांवांची यादी करा’ या आज्ञेनें. या यादींत आत्या, मामेभाऊ, मुलाच्या वर्गशिक्षिका, सोसायटीचे चिटणीस हींच नांवें पडावयाचीं. मावशा कांहीं शंभर नसतात. प्रत्येक नकाराबरोबर एक नांव खोडलें जातें आणि तें पुन्हां लिहितां येत नाहीं. वीस नकारांनंतर एकविसावा होकार जवळ येत असेल. पण त्याबरोबर यादीचा तळहि जवळ येत असतो. कांहीं महिन्यांतच अशी संध्याकाळ उगवते कीं ज्याला फोन करावा असें एकहि नांव उरत नाहीं, आणि ज्यांना पूर्वीं सहज फोन करीत होतों त्यांना करावयाचाहि संकोच वाटूं लागतो.

पहिल्या वाक्याविषयीं तर आमचा स्पष्ट मतभेद आहे. नकार योजनेला आहे, आपल्याला नाहीं, असें म्हणण्याचा अधिकार कोणाला? ज्यानें मागतांना फक्त योजनाच पुढें केली असेल त्याला. ‘माझ्यासाठीं एवढें करा’, ‘तुम्हीं नाहीं घेतलें तर कोण घेणार’, ‘भाचीच्या धंद्याला हातभार नको का?’ अशा शब्दांनीं जो माल पुढें सरकविला, त्याचा नकार भाचीलाच लागणार. तो साबणाच्या वडीला कसा लागेल? मागतांना नातें पुढें करावयाचें आणि नकार आला कीं नातें मागें घेऊन योजना पुढें करावयाची, हें दोन्ही एका वेळीं साधत नाहीं. ज्या मनुष्याला नकार सोसेनासा झाला असेल त्यानें आपलीं मागण्याचीं वाक्यें एकदां कागदावर लिहून पाहावींत. त्यांतलीं किती वाक्यें परक्या माणसापुढें बोलतां आलीं असतीं? जेवढीं बोलतां आलीं नसतीं, तेवढ्यांनींच हें दुखणें आणलेलें असतें.

याहून वाईट प्रकार म्हणजे चहाचें आमंत्रण. असें समजा, कीं दोन वर्षांनीं शाळेंतल्या मैत्रिणीचा फोन येतो: ‘अगं, किती दिवसांत भेट नाहीं, शनिवारीं ये ना.’ बिचारी डोंबिवलीहून निघून, दादरला गाडी बदलून विलेपार्ल्यास येते. मुलांसाठीं खाऊ आणते. आणि पाहते तों दिवाणखान्यांत पांढरा फळा उभा केलेला, त्यावर वर्तुळांतून वर्तुळें काढलेलीं, आणि गळ्यांत टाय बांधलेले एक अनोळखी गृहस्थ ‘तुमचीं स्वप्नें काय आहेत?’ असें विचारीत आहेत. तिला राग येतो तो मालाचा नव्हे आणि किमतीचाहि नव्हे. आपण जिला भेट समजलों ती भेट नव्हतीच, याचा तिला राग येतो. यजमानीण बाईंना मात्र वाटतें, कीं हिला योजना नीट समजली नाहीं. आणि त्या पुन्हां समजावून सांगण्यासाठीं सोमवारीं फोन करतात.

या बाबतींत आतां कायदाहि झालेला आहे. केंद्र सरकारनें २८ डिसेंबर २०२१ रोजीं थेट विक्रीविषयीं नियम प्रसिद्ध केले. त्यांप्रमाणें विक्रेत्यानें बोलण्याच्या आरंभींच आपण कोण, कोणत्या कंपनीचे, माल कसला आणि येण्याचा हेतु काय, हें खरेंखरें सांगावयाचें असतें; आणि ओळखपत्र व पूर्वीं ठरविलेली वेळ किंवा संमति यांवांचून ग्राहकाच्या घरीं जावयाचें नसतें. हे नियम ग्राहकाच्या संरक्षणासाठीं केलेले आहेत खरे, पण आमच्या मतें त्यांचा अधिक लाभ विक्रेत्याला आहे. ‘मी अमुक कंपनीचा माल विकतें, दहा मिनिटें दाखवावयाचा आहे, येऊं का?’ एवढें फोनवर म्हटलें, म्हणजे नकार यावयाचा असेल तो अर्ध्या मिनिटांत आणि कोणाचाहि चेहरा न पडतां येतो. जीं येऊं देतात तीं माणसें ऐकावयाच्या तयारीनें बसतात. आमंत्रणें निम्म्यानें घटतील, असें कोणी म्हणेल. घटूं द्यावींत. जीं घटलीं तीं कडू होणारींच होतीं.

समोरासमोर नकार आल्यावर काय करावें? सभांतून याचींहि तयार उत्तरें मिळतात: पैसे नाहींत म्हणाले तर हें सांगा, वेळ नाहीं म्हणाले तर तें सांगा. आप्तांपुढें हीं उत्तरें वापरूं नयेत. समोरच्यानें दिलेलें कारण हें पुष्कळदां कारण नसतेंच. तुमचें मन राखण्यासाठीं घातलेलें तें पांघरूण असतें. तें ओढून काढलें तर खालून निघणारें सत्य ऐकवणार नाहीं. एकच प्रश्न विचारण्यास हरकत नाहीं, आणि तो असा कीं माल नको आहे कीं वितरक होणें नको आहे? कारण हे दोन निरनिराळे नकार आहेत. ज्या काकूंना तुमचें भांडीं घासण्याचें द्रावण खरोखर आवडलें आहे, त्यांना बाटली हवी असते. खालीं माणसें जोडण्याचें व्रत नको असतें. त्यांच्यापुढें व्रताची कहाणी सुरू केली कीं त्या बाटलीहि परत करतात. एक बाटली सुखानें विकून घरीं परत येणारा विक्रेता या व्यवसायांत कमी दिसतो, आणि तोच अधिक टिकण्यासारखा असतो.

मात्र नकार केवळ सोसण्याची वस्तु आहे असें समजूं नये. नकार वाचावयाचे असतात. वीस घरांपैकीं पंधरा घरांत ‘महाग आहे’ असें ऐकूं आलें, तर पंधरा माणसें कंजूष आहेत असें मानण्यापेक्षां वाण्याच्या दुकानांत जाऊन तेवढ्याच वजनाच्या मालाची किंमत पाहून यावी. ‘मला माणसें जोडतां यावयाचीं नाहींत’ असें पुष्कळ जण म्हणूं लागले, तर कागद-पेन्सिल घेऊन बसावें. तुम्ही सहा जण जोडावेत, त्यांनीं प्रत्येकीं सहा जोडावेत, असें फळ्यावर दाखवितात तेव्हां तिसऱ्या-चवथ्या पायरीपाशीं खडू थांबतो. तो पुढें चालवून पाहा. अकराव्या पायरीवर ३६ कोटींहून अधिक माणसें लागतात. बाराव्या पायरीवर २१७ कोटींहून अधिक, आणि भारताची लोकसंख्या आहे सुमारें १४० कोटी. तेराव्या पायरीला १,३०० कोटींची भरती पाहिजे. पृथ्वीवर मुलेंबाळें धरून आठशे कोटींच्या आसपास माणसें आहेत. म्हणजे ही साखळी कोठें तरी तुटलीच पाहिजे, आणि ती तुटते ती कोणाच्या तरी ‘नको’नें. तुमच्या धाकट्या दिरानें नाहीं म्हटलें त्यांत त्याचा आळसहि नाहीं आणि तुमच्या बोलण्यांतला दोषहि नाहीं. तो गणिताप्रमाणें वागला, इतकेंच.

ही गोष्ट सरकारांनींहि ओळखलेली आहे. नुसतीं माणसें जोडून पैसे फिरविण्याच्या योजनांना आपल्याकडे १९७८ च्या कायद्यानें बंदी आहे, आणि २०२१ च्या नियमांनींहि तसल्या मनोऱ्यांना मनाई केली आहे. अमेरिकेंतील फेडरल ट्रेड कमिशननें १९७९ सालीं ॲमवेची योजना बेकायदेशीर मनोरा नव्हे असा निर्णय दिला, तेव्हां कंपनीचे कांहीं नियम विचारांत घेतले होते: न खपलेला माल परत घेण्याची सोय, नवा माल मागविण्यापूर्वीं आधींचा ७० टक्के खपलेला असणें, आणि महिन्याला निदान दहा किरकोळ गिऱ्हाइकांना विक्री. पुढें २०१६ सालीं त्याच कमिशननें ‘हर्बालाइफ’शीं तडजोड केली, तींत त्या कंपनीला २० कोटी डॉलर भरावे लागले आणि वितरकांचा मोबदला खऱ्याखुऱ्या विक्रीशीं जोडण्याचें मान्य करावें लागलें. घरगुती वितरकाला यांतून घेण्यासारखी कसोटी आहे ती साधी आहे. साखळींत नसलेल्या, आणि भिडेनें नव्हे तर गरजेनें घेणाऱ्या, किती गिऱ्हाइकांनीं दुसऱ्यांदा आपण होऊन माल मागविला? तो आंकडा वाढत असेल तर नकारांची पर्वा करूं नये. तो शून्यावर उभा असेल, तर ते नकार खरें बोलत आहेत.

सर्वांत अवघड नकार घरांतला. यजमान कांहीं बोलत नाहींत, फक्त कपाटांतल्या खोक्यांकडे पाहतात. सासूबाई कोणी पाहुणे आले कीं आधींच सांगून टाकतात, ‘हिच्यापुढें तब्येतीचा विषय काढूं नका.’ सभेंत अशा घरच्यांना ‘स्वप्नें चोरणारे’ म्हणावयास शिकवितात. हें शिकविणें आम्हांला अत्यंत घातक वाटतें. घरच्यांचा नकार बहुधा महत्त्वाकांक्षेला नसतो. तो अनिश्चित खर्चाला आणि अनिश्चित मुदतीला असतो. किती रुपयांपर्यंत आणि किती महिन्यांपर्यंत हा प्रयोग करावयाचा, हें आरंभींच बोलून कागदावर मांडलें, आणि त्या मर्यादेवर खरोखर थांबावयाचें असें ठरलें, तर पुष्कळ घरांतला विरोध तेथेंच मावळतो. वर सांगितलेल्या नियमांत, करार केल्यावर ठराविक अवधींत तो दंडावांचून रद्द करण्याची सोयहि धरलेली आहे. सही करण्यापूर्वीं तो अवधि किती दिवसांचा, हें वाचून घ्यावें. थांबण्याची तारीख आधीं ठरलेली असली म्हणजे थांबणें ही हार वाटत नाहीं.

जातां जातां नकार देणारांनाहि दोन शब्द. आपणांपैकीं बहुतेक जण या व्यवहारांत दाराच्या आंतल्या बाजूलाच उभे असतात. भिडेखातर एक डबा घेऊन आपण समोरच्याची सोय केली असें वाटतें, पण त्या एका डब्याच्या आधारावर ती बाई पुढच्या महिन्याचा माल मागविते. ‘तुझी कंपनी मला नको, पण तूं येत जा’ हें वाक्य म्हणावयास पहिल्यांदां जड जातें. तरी तें पहिल्याच दिवशीं म्हणावें. पोराला दाराशीं पाठवूं नये.

आणि जिला नकार मिळाला आहे तिनें त्या घरीं एकदां पिशवीवांचून जावें. बोलावयाचें काय असा प्रश्न पडेल; लोणच्याची कैरी बाजारांत आली का, मुलाच्या परीक्षेचें काय झालें, एवढें पुरे. पहिल्या अर्ध्या तासांत समोरची बाई वाट पाहत राहील, कीं आतां पुस्तिका निघते कीं मग निघते. ती निघत नाहीं असें दिसल्यावर ती हळूहळू मोकळी होईल. तसेंच संक्रांतीच्या हळदीकुंकवाला नकार देणाऱ्या सर्वजणींना आवर्जून बोलवावें. फक्त त्या दिवशीं वाण म्हणून कंपनीच्या शांपूची पुडी वांटूं नये. एखादा चमचा, रुमाल, फार तर आलें-लिंबाची बाटली, असें कांहीं तरी द्यावें.